चेहरा राहिला, नाव गेलं

1893 साली अमेरिकेत शिकागोला जागतिक प्रदर्शन भरलं. स्वामी विवेकानंदांच्या भाषणामुळे ते साल आणि ते गाव आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. त्याच प्रदर्शनात राजा रविवर्मा यांची दहा तैलचित्रं लागली होती, आणि दहाही चित्रांचा विषय हिंदुस्थानातली स्त्री हाच होता. विहिरीवरची, वाद्य वाजवणारी, लग्नासाठी सजणारी, वाईट बातमी ऐकून खचलेली, अशा बायका. चित्रांना पदकं मिळाली. प्रमाणपत्रात परीक्षकांनी ती मानववंशशास्त्राच्या दृष्टीने मोलाची ठरवली. उच्चवर्णीय बायकांच्या चेहऱ्यांचे निरनिराळे नमुने, त्यांचा पोशाख, घरातल्या वस्तू हे सगळं बारकाईने दाखवलं आहे, अशी ती वाखाणणी होती.

प्रमाणपत्रातला ‘नमुने’ हा शब्द मला टोचतो. दहा चित्रांपैकी एकालाही बाईचं नाव नव्हतं. एका चित्रात लेकराला कडेवर घेऊन दारात उभी असलेली तरुण आई आहे. ती रविवर्मांची स्वतःची मुलगी महाप्रभा, आणि मूल म्हणजे चित्रकाराचा नातू. चित्राचं नाव मात्र ‘बाबा आले’. चित्रात नसलेल्या बापाला शीर्षक मिळालं आणि चित्रभर असलेल्या आईला मिळालं नाही.

एकोणिसाव्या शतकातल्या बाईच्या रंगवलेल्या चित्राकडे पाहताना पहिला प्रश्न ‘ही कोण?’ असाच असला पाहिजे, असं माझं मत आहे. रंग, शैली, प्रकाश, साडीच्या निऱ्या यांच्यावर आपल्याकडे पुष्कळ लिहिलं गेलं. चित्रकारांची चरित्रं झाली, कोश झाले. सुहास बहुळकर आणि दीपक घारे यांनी संपादित केलेला ‘शिल्पकार चरित्रकोशा’चा दृश्यकला खंड 2013 साली आला, आणि तो आल्यापासून महाराष्ट्रातल्या चित्रकारांबद्दल अंदाजाने बोलण्याची गरज बरीचशी संपली. चित्रकारापुढे तासन्‌तास बसलेल्या बायकांची अशी नोंद मात्र कुणी एका ठिकाणी केलेली नाही. या लेखात तो प्रश्न अमेरिकेतून सुरू करून मराठी मुलखात, शेवटी आमच्या जालन्यापर्यंत आणायचा आहे.

आधी अमेरिका. तिथल्या संग्रहालयांत ‘अनामिक स्त्री’ एवढीच पाटी असलेली एकोणिसाव्या शतकातली व्यक्तिचित्रं ढिगाने आहेत. त्या शतकाच्या पूर्वार्धात न्यू इंग्लंड आणि न्यूयॉर्कच्या खेड्यापाड्यांतून फिरते चित्रकार हिंडत. शेतकरी, दुकानदार, पाद्री यांच्या घरी मुक्काम करून थोडक्या डॉलरांत नवरा-बायकोची जोडचित्रं काढून देत. हे चित्रकार थंडीच्या दिवसांत बिनचेहऱ्याची धडं रंगवून ठेवत आणि उन्हाळ्यात गिऱ्हाईक मिळालं की त्यावर डोकं चढवत, अशी गोष्ट पुष्कळ वर्षं सांगितली गेली. अभ्यासकांना तिला आधार सापडला नाही. बाई समोर बसलेली असे. तिचा चेहरा, तिची लेसची टोपी, हातातलं पुस्तक किंवा रुमाल हे सगळं तिचंच असे.

मग नाव कुठे गेलं? चित्र घरात असेपर्यंत नाव लिहायची गरज कुणाला वाटली नाही. ही आजी, ही पणजी, हे सगळ्यांना ठाऊक होतं. चित्र लेकीकडे गेलं, लेकीचं आडनाव बदललं. तिथून नातीकडे गेलं, पुन्हा आडनाव बदललं. तिसऱ्या पिढीत घर मोडलं, सामान लिलावात निघालं, आणि चौकटीतली बाई अनोळखी झाली. पुरुषाचं चित्र आडनावाला धरून राहतं. बाईच्या चित्राला धरायला तेवढाही आधार नसतो.

चित्रकारांचीही नावं अशीच गेली होती. अ‍ॅमी फिलिप्स हा त्यांतला सगळ्यांत गाजलेला. 1788 ते 1865 हा त्याचा काळ. त्याची सुरुवातीची चित्रं एका अनामिक चित्रकाराच्या नावावर आणि मधल्या काळातली दुसऱ्याच अनामिकाच्या नावावर मांडली जात होती, इतकी त्याची शैली वयाबरोबर बदलली. बार्बरा आणि लॉरेन्स होल्ड्रिज या दांपत्याने 1958 नंतर सह्या, गावं आणि घराणी जुळवत दोघे एकच असल्याचं दाखवून दिलं. त्याचं लाल झग्यातल्या मुलीचं चित्र आता अमेरिकन लोककलेची ओळख झालं आहे. मांडीवर पांढरं मांजर, पायाशी कुत्रा, आणि सरळ आपल्याकडे पाहणारे डोळे. चित्रकार सापडला. ती मुलगी कोण, हे अजून सापडलेलं नाही. संशोधनाचा उजेड चित्रकाराच्या पायाशी येऊन थांबतो, याचं याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

शतकाच्या उत्तरार्धातल्या बड्या चित्रकारांकडे वळलं तर प्रकरण आणखी वेगळं आहे. व्हिसलरने 1871 साली आपल्या आईचं चित्र काढलं आणि शीर्षक दिलं ‘करड्या आणि काळ्या रंगांची रचना, क्रमांक 1’. अ‍ॅना व्हिसलर हे नाव लोकांनी मागाहून चित्राला चिकटवलं, चित्रकाराने नाही. सार्जंटने 1884 साली पॅरिसच्या प्रदर्शनात लावलेलं ‘मादाम एक्स’ तर नाव झाकण्यासाठीच प्रसिद्ध आहे. ती बाई मूळची न्यू ऑर्लिन्सची, व्हर्जिनी अमेली गोत्रो. खांद्यावरून घसरलेल्या पट्ट्यावरून एवढा गहजब झाला की सार्जंटने पट्टा पुन्हा जागेवर रंगवला आणि चित्र स्वतःकडेच ठेवलं. 1916 साली ते न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला विकताना नाव उघड करू नये असं त्याने सांगितलं. इथे नाव गेलं ते अब्रूसाठी. अब्रू हा शब्द आला की आपण मराठी मुलखात पोचलोच.

आपल्याकडे पाश्चात्त्य पद्धतीचं व्यक्तिचित्र आलं ते पेशवाईच्या अखेरीस. जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराने पुण्यात सवाई माधवराव, नाना फडणवीस, महादजी शिंदे यांची चित्रं केली. ती अजून आपल्या पाठ्यपुस्तकांत आहेत. पेशव्यांच्या वाड्यातली एकही बाई त्याच्यापुढे बसली नाही. बसणं शक्यच नव्हतं. इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्या घरात राहणारी अंबर कौर मात्र बसली, आणि तिचं चित्र नावासकट आजपर्यंत आलं. पुण्यातलं तैलरंगातलं पहिल्या काळचं स्त्रीचं व्यक्तिचित्र एका रीतसर लग्न न झालेल्या बाईचं आहे. पुढच्या शतकभराची सारी अडचण या एका गोष्टीत दिसते. जिच्यावर घराण्याच्या पडद्याचा हक्क नव्हता, तीच चित्रकारापुढे बसू शकत होती.

त्याआधी आपल्याकडे चित्रं नव्हती असं नाही. दख्खनी शैलीतल्या रागमालांत नायिकाच नायिका आहेत. पण ती रागिणी असते, वासकसज्जा असते, विरहिणी असते. मूर्तिकलेतही तेच. आमच्या जिल्ह्यातल्या भोकरदनला, म्हणजे जुन्या भोगवर्धनला, 1973च्या सुमाराच्या उत्खननात सातवाहनकाळातली हस्तिदंती स्त्रीप्रतिमा मिळाली. तिचं नातं इटलीत पॉम्पेईच्या राखेखाली 1938 साली सापडलेल्या हस्तिदंती स्त्रीशी अभ्यासक जोडतात. पॉम्पेईच्या त्या मूर्तीला कुणी लक्ष्मी म्हणतं, कुणी यक्षी. कुणा एका बाईला पाहून ती कोरली असेल का, हा प्रश्न कुणी विचारत नाही, आणि त्या काळापुरतं ते ठीकही आहे. एकोणिसाव्या शतकाला मात्र ही सवलत देता येणार नाही. त्या शतकात चित्रकारापुढे खरी बाई बसलेली होती.

1857 साली सर जमशेटजी जीजीभाईंच्या देणगीतून मुंबईत कलाशाळा सुरू झाली. समोर बसलेल्या माणसाकडे पाहून चित्र काढायचं हा तिथला पाया. पुरुष मॉडेल मिळत होते. बाई मिळणं फार कठीण. घरंदाज बाईने परपुरुषापुढे तासभर बसून चेहरा न्याहाळू देणं हे मराठी ब्राह्मण-मराठा घरांत कल्पनेपलीकडचं होतं. पारशी समाजात वातावरण मोकळं होतं. चीनच्या व्यापारामुळे पारशी घराण्यांना तैलचित्रांची सवय आधीपासून होती, आणि त्यांच्या दिवाणखान्यांत पुरुषांच्या शेजारी बायकांचीही चित्रं लागली. पेस्तनजी बोमनजी (1851–1938) यांच्या चित्रांतली पारशी स्त्री म्हणूनच इतकी निवांत, घरातल्यासारखी दिसते. संस्थानिकांच्या घरीही वाट मोकळी झाली. बडोद्याच्या सयाजीरावांनी रविवर्मांना बोलावून घेतलं आणि महाराणी चिमणाबाईंचं चित्र नावानिशी तयार झालं. राणीला नाव असणं भागच होतं, ते चित्र दरबाराचं होतं.

मग रविवर्मांच्या मुंबईत काढलेल्या चित्रांतल्या त्या असंख्य नऊवारीतल्या बायका कोण? हा माणूस त्रावणकोरचा. पण दमयंती, सीता, शकुंतला रंगवताना त्याने मराठी लुगडं निवडलं, आणि पुढे देशभर देवींचा पोशाख मराठी झाला. 1894 साली त्यांचा छापखाना मुंबईत सुरू झाला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि जर्मन तंत्रज्ञ फ्रिट्झ श्लायशरच्या हाती आला. तिथून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरी खेड्यापाड्यांतल्या देवघरांत पोचल्या. जालन्यातल्या व्यापारी पेढ्यांवर गादीमागे लागलेली लक्ष्मी याच वंशातली. तिच्यापुढे चार पिढ्यांनी उदबत्ती लावली. त्या चेहऱ्यामागे मुंबईत मजुरीवर बसलेली कुणी तरी बाई असणार, हा विचार त्यांच्या मनाला शिवला नाही, आणि शिवला असता तर तसबीर उतरवली गेली असती.

या बायकांपैकी एकीचं नाव आपल्याला नीट माहीत आहे. अंजनीबाई मालपेकर, भेंडीबाजार घराण्याच्या गायिका. 1883चा जन्म, 1974 साली निधन. रविवर्मा आणि चित्रकार धुरंधर या दोघांनीही त्यांना समोर बसवून चित्रं केली. त्यांचं नाव टिकलं ते चित्रांमुळे नव्हे, गाण्यामुळे. 1958 साली संगीत नाटक अकादमीची फेलोशिप त्यांना मिळाली, आणि ती मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. गोव्याच्या कलावंत परंपरेतून आलेल्या बाईला स्वतःच्या विद्येने नाव मिळवता आलं. तिच्यासारखी विद्या नसलेली, चार आण्यांसाठी बसलेली बाई मात्र तशीच विरून गेली. पुराणकथांची चित्रं काढायची म्हणून समोर बसणाऱ्या बाईचं नाव पुसणं चित्रकारालाही सोयीचंच होतं.

‘ही व्यक्तिचित्रं नव्हेतच, ही प्रसंगचित्रं, त्यात नाव कशाला शोधायचं?’ असा एक युक्तिवाद कलासमीक्षेत होतो. पार्थ मित्तर यांच्या 1994च्या ग्रंथापासून पुढच्या अभ्यासकांनी दाखवलं की या चित्रांतल्या स्त्रीवर त्या काळाने ‘हिंदुस्थान’ नावाचं ओझं ठेवलं होतं. ती परंपरा होती, संस्कृती होती, पुढे भारतमाता झाली. हे विश्लेषण पटण्यासारखं आहे. पण त्यातून निघणारा निष्कर्ष मला मान्य नाही. बाईवर एवढं मोठं ओझं ठेवलं, म्हणून ती मुळात कोण होती हे विचारायचं नाही, हा न्याय उलटा आहे. शिकागोच्या परीक्षकांनी तिला नमुना म्हटलं आणि आपल्या समीक्षेने तिला प्रतीक म्हटलं. दोन्हींकडे तिचं नाव सारखंच वगळलं गेलं. रविवर्मांचे धाकटे बंधू सी. राजराज वर्मा यांनी मुंबईतल्या वर्षांची रोजनिशी ठेवली होती, ती छापून प्रसिद्ध झाली आहे. कामाच्या रोजच्या तपशिलासाठी असा कागद आपल्या हाती असताना, ‘माहिती मिळत नाही’ असं म्हणून गप्प बसणं बरं नव्हे.

महादेव विश्वनाथ धुरंधरांचं काम या बाबतीत मला अधिक जवळचं वाटतं. कोल्हापूरचा हा चित्रकार 1895 साली बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक मिळवणारा पहिला हिंदी माणूस. त्यांच्या रेखाटनांत बाजारातली, देवळातली, पाणवठ्यावरची मराठी बाई इतक्या जातींच्या इतक्या लुगड्यांत आहे की नेसण्याच्या पद्धतीचा इतिहास लिहायचा तर धुरंधरांशिवाय पान हलणार नाही. औंधच्या भवानी संग्रहालयात त्यांची चित्रं पाहताना एक गोष्ट लगेच लक्षात येते. कासोटा कुठे खोचला आहे, पदर कोणत्या खांद्यावरून आला आहे, अंबाड्यात फूल आहे की खोपा नुसताच आहे, हे प्रत्येकीचं वेगळं आहे. एका ठोकळ्यातून दहा बायका त्यांनी काढल्या नाहीत. त्यांच्या अंबिका या लेकीने पुढे मुंबईच्या त्याच कलाशाळेत शिक्षण घेतलं, स्वतः चित्रकार झाली आणि आठवणीही लिहिल्या. समोर बसणाऱ्या बाईच्या हातात कुंचला आला की नावाचा प्रश्न आपोआप सुटतो.

कॅमेरा आल्यावर सगळंच बदललं, आणि इथे अमेरिका पुन्हा आपल्या गोष्टीत येते. आनंदीबाई जोशी 1883च्या जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या आणि फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या. त्याच शहरात तेव्हा थॉमस एकिन्स राहत होता. अमेरिकेतला त्या काळचा सगळ्यांत कठोर सत्यनिष्ठ व्यक्तिचित्रकार, शस्त्रक्रियागृहाचं रक्ताळलेलं चित्र काढणारा. तो तिथल्या कला अकादमीचा संचालक होता. विद्यार्थिनींच्या वर्गात पुरुष मॉडेलचं वस्त्र दूर केलं म्हणून 1886च्या फेब्रुवारीत त्याला पायउतार व्हावं लागलं. पुढच्याच महिन्यात, 11 मार्चला, आनंदीबाई एम.डी. झाल्या. मॉडेलवरून जो वाद मुंबईत दबक्या आवाजात चालू होता, तो फिलाडेल्फियात उघड पेटला होता, आणि मराठी बाई त्याच गावात शरीरशास्त्र शिकत होती.

आनंदीबाईंचं आपल्याला मिळालेलं रूप रंगांतलं नाही, छायाचित्रातलं आहे. 10 ऑक्टोबर 1885 रोजी, महाविद्यालयाच्या अधिष्ठात्यांनी दिलेल्या समारंभाच्या दिवशी काढलेला तो फोटो. आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लाम्बुली, तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात. फोटो नीट पाहिला तर आनंदीबाईंच्या पदराची जरीची किनार, दागिने, कपाळावरची चंद्रकोर लक्षात येते. जपानी मुलीचा किमोनो आणि सीरियन मुलीचं शिरोभूषण यांच्याशेजारी ती तितक्याच आत्मविश्वासाने बसली आहे. खाली तिघींची नावं आणि गावं लिहिली आहेत. आनंदीबाईंच्या गावाच्या जागी श्रीरामपूर आहे, बंगालमधलं, जिथे त्यांचे पती गोपाळराव नोकरीला होते. तेही चुकीच्या हिज्ज्यात. कल्याणचा पत्ता नाही. साबातच्या नावाचं पहिलं अक्षरही बदललं आहे. तरीही नाव आहे. हिज्जे चुकले, गाव बदललं, तरी त्या मुलीपर्यंत पोचायची वाट त्या एका ओळीने मोकळी ठेवली.

त्याच शहरात पंडिता रमाबाईंचं उच्चवर्णीय हिंदू स्त्रीवरचं इंग्रजी पुस्तक निघालं. मुखपृष्ठाआतल्या पहिल्या पानावर आनंदीबाईंचं चित्र होतं आणि अर्पणपत्रिकेत त्यांच्या स्मृतीचा उल्लेख होता. 26 फेब्रुवारी 1887 ला पुण्यात आनंदीबाई गेल्या, तेव्हा वय बावीसही पूर्ण नव्हतं. कॅरोलाइन हीली डॉल यांनी 1888 साली अमेरिकेत त्यांचं चरित्र लिहिलं, आणि लगोलग मराठीत काशीबाई कानिटकरांनी. तीन बायकांनी लिहिलं म्हणून चौथीचा चेहरा आणि नाव एकत्र राहिलं. रविवर्मांच्या दहा चित्रांच्या तुलनेत हा एक करडा फोटो मला म्हणूनच मोठा वाटतो.

आमच्या भागात नाव राहिलं आणि चेहरा गेला, असं नेमकं उलट घडलेलं एक उदाहरण आहे. भोकरदनहून सिल्लोडमार्गे अजिंठा गाव गाठता येतं. जालन्याची जुनी छावणी मद्रास लष्कराची होती, आणि रॉबर्ट गिल हा अधिकारीही त्याच लष्करातला. 1844च्या सुमारास तो लेण्यांतल्या भित्तिचित्रांच्या नकला करण्यासाठी अजिंठ्याला आला आणि तिथेच राहिला. वर्षानुवर्षं त्या ओल्या, वटवाघळांच्या लेण्यांत बसून त्याने दीड-दोन हजार वर्षांपूर्वीच्या राण्या, दासी, अप्सरा मोठ्या कॅनव्हासवर उतरवल्या. ती चित्रं लंडनला गेली आणि 1866च्या डिसेंबरात क्रिस्टल पॅलेसच्या आगीत बहुतेक जळाली. त्याच्यासोबत अजिंठ्याला पारो नावाची एक स्थानिक बाई राहत होती. तिच्याबद्दल दंतकथा उदंड आहेत. ना. धों. महानोरांनी तिच्यावर दीर्घकाव्य लिहिलं, सिनेमाही झाला. पण पक्का पुरावा आहे तो अजिंठा गावातली तिची कबर. गिलने तिच्यावर बसवलेल्या दगडावर इंग्रजीत तिचं नाव आहे, प्रेमाचा शब्द आहे आणि मृत्यूची तारीख आहे, 23 मे 1856.

बायकांचे चेहरे रंगवण्यात ज्याचं आयुष्य गेलं, त्याने पारोची मागे ठेवलेली खूण म्हणजे हे नाव. चेहरा आज सांगता येत नाही. लोकांनी मग आपापला चेहरा तिला दिला, लेण्यांतल्या राण्यांचा. मस्तानीचं असंच झालं. द. ग. गोडसे यांनी तिच्यावर पुस्तक लिहून दंतकथेची पुटं काढायचा प्रयत्न केला, तरी कॅलेंडरवरची मस्तानी आहे तशीच आहे. आमच्या अंबडला अहिल्याबाईंच्या बांधकामांची आठवण लोक सांगतात. दगडात त्यांचं काम आहे, पण पांढरं लुगडं आणि हातात शिवलिंग हे रूप पुढच्या चित्रकारांनी पक्कं केलं. सावित्रीबाईंचे शाळांच्या भिंतींवरचे बहुतेक चेहरेही नंतरच्या हातांनी घडवलेले. लोकांना आदर वाटतो, म्हणून त्यांना चेहरा हवा असतो, हे मी समजू शकतो. फक्त तो चेहरा कधी आणि कुणी काढला, हे चित्राखाली लिहायला हवं. शाळेतली मुलं प्रश्न विचारतात तेव्हा शिक्षकाला उत्तर देता आलं पाहिजे.

आता घराघरांतल्या चित्रांबद्दल, कारण या साऱ्या प्रश्नाचा आपल्या हातातला भाग तोच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून आपल्याकडे व्यक्तिचित्राची एक देशी जात तयार झाली, रंगवलेली एन्लार्जमेंट. फोटोग्राफर छोट्या फोटोवरून मोठं ब्रोमाइड काढी आणि चित्रकार त्यावर हाताने रंग भरी. जालन्यात जुन्या वाड्यांतून, कादराबादच्या बाजूच्या घरांतून अशा तसबिरी अजून लागलेल्या दिसतात. अशी एक तसबीर जवळून पाहिली की तिची सगळी रचना उलगडते. चेहरा करडाच ठेवलेला, गालांवर फिकट गुलाबी हात फिरवलेला. लुगडं गडद हिरवं, कारण वडील गेल्यावरही लेकांना आई सवाष्ण दिसायला हवी होती. नथीचे मोती पांढऱ्या रंगाचे ठिपके देऊन उठवलेले. कधी कधी नथच मुळात फोटोत नसते, चित्रकाराने वरून घातलेली असते. हातातल्या बांगड्याही मागाहून चढवलेल्या. मागची पार्श्वभूमी खरवडून निळसर केलेली, कारण मूळ फोटो कुण्या लग्नात, दहा माणसांच्या घोळक्यात काढलेला. बाईला त्या घोळक्यातून कापून बाहेर काढली आणि मग रंगांत उभी केली.

या चित्रांना कलेच्या इतिहासात कुणी विचारत नाही. माझ्या मते, मराठी बाईचं खरं व्यक्तिचित्र म्हणायचं तर ते हेच. बहुतेकींच्या आयुष्यातला तो एकुलता एक फोटो, आणि तिला नाव होतं; घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. अमेरिकेत जे झालं तेच आता आपल्याकडे होत आहे. वाडे पडत आहेत, फ्लॅट होत आहेत. तसबीर लेकीकडे जाते, लेकीच्या सुनेकडे जाते, मग माळ्यावर. आता जुन्या बाजारातही अशा तसबिरी चौकटीसाठी विकल्या जातात, सागवानी चौकट घेऊन आतली बाई टाकून दिली जाते. आपल्याकडे तर नाव जायला आणखी एक कारण आहे. लग्नात नवऱ्याकडचं नाव ठेवलं जायचं, त्यामुळे माहेरची यमुना सासरी लक्ष्मी होते, आणि घरातली मुलं दोन्ही नावं न घेता तिला ‘काकू’ म्हणत, ‘मोठी आई’ म्हणत. कागदावर लिहायची वेळ येते तेव्हा नातवाला आजीचं नाव विचारावं लागतं.

म्हणून काम साधं आहे आणि तातडीचं आहे. तसबीर उतरवून तिच्या मागच्या लाकडी फळीवर किंवा मागे चिकटवलेल्या कागदावर लिहायचं; फोटोच्या पाठीवर बॉलपेनने लिहू नये, शाई पुढे उमटते. सासरचं नाव, माहेरचं नाव, माहेरचं गाव. कुठे जन्मली, कधी गेली, ते ठाऊक असेल तर. चित्रकाराचा किंवा स्टुडिओचा शिक्का असेल तर त्याचीही नोंद. चित्रात नथ किंवा बांगड्या मागून घातल्या असं घरातल्या कुणाला आठवत असेल तर तेही. घरात ऐंशीच्या पुढचं माणूस असेल तर त्याच्याकडे बसून मोबाइलवर त्याचं बोलणं टिपून ठेवायचं. जिल्ह्याच्या संग्रहालयांनी आणि महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी दर वर्षी विद्यार्थ्यांना आपापल्या घरातल्या एकेका तसबिरीची नोंद करायला दिली, तर काही वर्षांत जालना, अंबड, परतूर, भोकरदन इथल्या स्त्रियांचा एक चित्रसंग्रह तयार होईल. असा नावांसकटचा संग्रह माझ्या माहितीत अजून कुठे नाही.

मोठ्या संग्रहालयांनाही एक करता येईल. रविवर्मा, धुरंधर, पेस्तनजी यांच्या चित्रांखालच्या पाटीवर चित्रकाराच्या नावानंतर आणखी एक ओळ हवी. समोर बसलेली बाई माहीत असेल तर तिचं नाव, नसेल तर ‘नाव उपलब्ध नाही’ एवढं तरी. पाटीवरची ती रिकामी ओळ पाहून कुणीतरी शोधायला लागेल. गोव्याच्या ए. एक्स. त्रिंदाद यांनी पत्नी फ्लोराचं चित्र तिच्याच नावाने केलं आहे, म्हणजे हे अवघड नाही. सा. ल. हळदणकरांचं दिवा हातात घेतलेल्या मुलीचं चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे. ते इतकं लोकप्रिय झालं की कित्येक ठिकाणी ते रविवर्मांच्या नावावर खपतं. त्या चित्राला बसली ती हळदणकरांची मुलगी गीता. पुढे त्या गीता उपळेकर झाल्या, कोल्हापुरात राहिल्या आणि 2018 साली वयाच्या एकशे दोनाव्या वर्षी गेल्या. त्या असताना लोकांनी त्यांना गाठलं, विचारलं, वर्तमानपत्रांत छापलं. म्हणून त्या चित्रापुढे उभं राहिल्यावर ‘ही कोण?’ याचं उत्तर आज देता येतं: गीता, हळदणकरांची मुलगी.